भिंत पडली तरी घर उभं राहतं का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड गावच्या ‘एन्शंट हाय हाउस’बद्दल दोन पानं आली होती. ज्यांनी तो अंक बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टॅफर्डच्या मेन रोडला, म्हणजे ग्रीनगेट स्ट्रीटला, डॉरिंग्टन नावाच्या श्रीमंत घराण्यानं १५९५ मध्ये हे घर बांधलं. सगळा सांगाडा आसपासच्या ओकच्या झाडांचा. इंग्लंडमध्ये आज उभ्या असलेल्या लाकडी सांगाड्याच्या शहरी घरांमध्ये हे सगळ्यात मोठं मानतात, आणि आता तिथं म्युझियम आहे. त्या दोन पानांवर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. कोल्हापुरात जुन्या लाकडी घरात राहणारी, जन्मलेली, किंवा ते पाडायचं की ठेवायचं यावर घरात रोज चर्चा करणारी माणसं किती आहेत हे त्यातून कळलं. सगळीच पत्रं छापता येणार नाहीत, पण जे प्रश्न परत परत आले ते घेतलेत.

“तुम्ही लिहिलंय की त्या घराच्या भिंती घराचं वजन पेलतच नाहीत. आमच्याकडं इंजिनिअर आले होते, ते म्हणाले वाड्याची भिंत मेन आहे, तिला हात लावू नका. मग खरं काय?” – एक वाचक, मंगळवार पेठ

दोन्ही खरं आहे दादा, कारण दोन घरं वेगळी आहेत. आणि तुमच्या इंजिनिअरांचं आधी ऐका.

तिकडच्या घराचं आधी बघू. जमिनीवर दगडाचं बुटकं जोतं, त्या जोत्यावर आडवं झोपवलेलं जाडजूड लाकूड घराच्या चारी बाजूनं फिरवलेलं, त्या लाकडात भोकं पाडून उभे खांब बसवलेले, खांबांच्या डोक्यावर परत आडवी तुळई, समोरासमोरच्या खांबांना बांधणारी दुसरी तुळई, आणि त्याच्यावर छपराचे वासे. म्हणजे अख्खं घर आधी लाकडाच्या उघड्या पिंजऱ्यासारखं उभं राहायचं आणि मग मधल्या चौकटी भरायच्या. गणपतीच्या मांडवाचे बांबू आधी उभे राहतात आणि कापड नंतर लागतं, तसंच हे. कापड फाटलं म्हणून मांडव पडत नाही.

त्या चौकटी कशानं भरायचे ते वाचून आपल्याकडच्या लोकांना काहीच नवल वाटणार नाही. गगनबावड्याकडं किंवा राधानगरीच्या वरच्या वाड्या-वस्त्यांवर कारवीचा कूड बघितलाय ना? तोच प्रकार. वरच्या लाकडाला ओळीनं भोकं, खालच्या लाकडाला लांब खाच, त्यात ओकच्या उभ्या काठ्या अडकवायच्या, त्यात हेझल नावाच्या झुडपाच्या लवचीक फांद्या विणायच्या आणि दोन्ही बाजूनं माती, शेण, चिरलेला पेंढा किंवा जनावराचे केस असं कालवून थापायचं, वरनं चुन्याचा हात. इंग्लंडच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या घराची भिंतसुद्धा शेणामातीचीच होती. नंतर वीट स्वस्त झाली तेव्हा बऱ्याच घरांत कूड काढून विटा भरल्या, आणि विटा जड असल्यामुळं काही ठिकाणी खालची लाकडं वाकली.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिरकी लाकडं. फोटोत खांब आणि तुळई यांच्यामध्ये ज्या तिरप्या, कधी कधी कमानीसारख्या वाकड्या पट्ट्या दिसतात त्या नक्षी म्हणून बघू नका. नुसत्या चार लाकडांचा चौकोन बाजूनं ढकलला तर सांध्यात फिरतो आणि आडवा होतो, पण कोपऱ्यात तिरकं लाकूड टाकलं की तिथं त्रिकोण होतो आणि त्रिकोण हलत नाही. तिकडच्या जुन्या घरांमध्ये कुणीतरी शंभर-दोनशे वर्षांपूर्वी दार पाडायला म्हणून हे तिरकं लाकूड कापलं आणि घर एका अंगाला कललं, असं पुष्कळ ठिकाणी झालंय.

आता तुमचा वाडा. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी मिश्र काम असतं. आत सोप्याला, म्हणजे ओसरीला, आणि चौकाभोवती सागवानी खांब, तळखड्यावर म्हणजे खांबाखालच्या दगडावर उभे, वर हस्त म्हणजे तुळईला आधार देणारी लाकडं, त्यावर तुळई आणि कड्या-फळ्यांचा कडीपाट. पण बाहेरची भिंत जाड असते, खाली दगड आणि वर पक्क्या किंवा कच्च्या विटा, आणि तुळईचं दुसरं टोक त्या भिंतीत बसलेलं असतं. म्हणजे अर्धा भार खांबावर आणि अर्धा भिंतीवर. शिवाय आपल्या सांगाड्यात तिरकी लाकडं फारशी नसतात, घर बाजूला न कलण्याचं काम ती जाड भिंतच करते. म्हणून इंग्लंडच्या घरातली भरणीची भिंत काढली तर चालतं, पण तुमची बाहेरची भिंत काढली तर तुळईचं टोक अधांतरी राहील. काही वाड्यांमध्ये भिंतीच्या आतही लाकडी खांब दडलेले असतात, ते वरनं कळत नाही, त्यामुळं अंदाजानं काही फोडू नका.

“वरचे मजले रस्त्यावर असे पुढं का आलेत? बघूनच भीती वाटते. आणि ते चालतं कसं, खाली खांब नाही काही नाही?” – एक वाचिका, राजारामपुरी

ताई, हा माझा अतिशय आवडता विषय आहे, त्यामुळं जरा लांबेल.

पहिलं कारण सरळ आहे, जागा. इंग्लंडच्या जुन्या गावांत रस्त्याला लागून असलेली जागा अरुंद आणि मागं लांबच लांब, आपल्या महाद्वार रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये आहे तशीच. पुढं दुकान, मागं राहायची खोली, त्याच्या मागं परसू. रुंदी वाढवता येत नाही, मग वरच्या मजल्यावर दीड-दोन फूट पुढं जायचं, त्याच्या वरच्या मजल्यावर अजून पुढं. यॉर्कच्या ‘शॅम्बल्स’ नावाच्या गल्लीत दोन्ही बाजूची घरं वर इतकी जवळ येतात की आभाळाची नुसती पट्टी दिसते. यॉर्कमध्येच गुडरमगेटला ‘लेडी रो’ म्हणून १३१६ ची घरांची रांग आहे, तिचाही वरचा मजला असाच पुढं आलेला, म्हणजे ही पद्धत तिथं किमान सातशे वर्षांची आहे.

पण फक्त जागेसाठी केलं असतं तर कामात एवढी हुशारी दिसली नसती. आतल्या मजल्याच्या ज्या कड्या आहेत त्या खालच्या भिंतीवरच्या तुळईवर टेकतात आणि तिथं न थांबता तशाच पुढं बाहेर जातात. त्यांच्या बाहेर आलेल्या टोकांवर वरच्या मजल्याची पुढची भिंत उभी. आता विचार करा, आत खोलीत माणसं चालतात, पेट्या-पलंग ठेवलेत, त्यानं कडीचा मधला भाग खाली वाकायला बघतो, पण त्याच कडीच्या बाहेरच्या टोकावर भिंत आणि छपराचं वजन बसलंय, ते टोक खाली दाबतं, त्यामुळं मधला भाग उलट वर उचलला जातो. दोन वजनं एकमेकांना सांभाळतात. तुम्हाला ज्या गोष्टीची भीती वाटली तिच्यामुळंच आतली जमीन कमी लचकते.

तिसरा फायदा म्हणजे पाणी. वरचा मजला पुढं असल्यामुळं पावसाचं पाणी खालच्या शेणामातीच्या भिंतीवर न पडता थेट रस्त्यावर पडतं. आणि चौथा फायदा सुताराचा. मजले पुढं-मागं असले की चारही मजल्यांएवढा उंच खांब शोधत बसायला नको, प्रत्येक मजल्याचे खांब वेगळे, कमी लांबीचं लाकूड चालतं.

आणि कोपऱ्यावरचं घर असेल तर? दोन बाजूनं रस्ता, दोन्हीकडं मजला पुढं काढायचा, पण कड्या तर एकाच दिशेला जातात. मग सुतार काय करायचे, खोलीच्या आतून कोपऱ्याकडं एक जाड तुळई तिरकी टाकायची आणि तिच्या दोन्ही अंगाला कड्या जोडायच्या, एका अंगाच्या एका रस्त्याकडं, दुसऱ्या अंगाच्या दुसऱ्या रस्त्याकडं. आणि त्या तिरक्या तुळईचं बाहेर आलेलं टोक पेलायला कोपऱ्यात जो खांब, तो झाडाचा बुंधा उलटा करून लावायचा, मुळाकडचा भाग वर. बुंधा मुळाशी आपोआपच रुंद होत जातो, तो रुंद भाग वरती बाहेर झुकतो आणि तुळईला खालून आधार देतो. त्या रुंद भागावर कोरीवकाम पण करायचे. जंगलात झाड निवडतानाच हे झाड कोपऱ्याचं आणि ते झाड तुळईचं हे ज्यांना दिसत होतं, त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. अख्ख्या घरात मला विचाराल तर तो कोपरा सगळ्यात सुंदर.

आपल्या माडीला सज्जा असतो तो वेगळा हं. सज्जा बाहेर लटकतो, पण घराची भिंत त्याच्यावर उभी नसते.

“आमी तीन पिढ्या सुतारकाम करतो. सागवान चांगलं वाळल्याबिगर हात लावत न्हाई. आन् तुमी लिवलंय तिकडं ओलंच लाकूड वापरायचे. मग ते पिळवटत न्हाई व्हय? खिळं बी न्हाईत म्हंता, मग धरतंय कशानं?” – कागलहून एक सुतार

मिस्त्री, प्रश्न अगदी बरोबर आहे आणि हो, पिळवटतं. त्या घरांचे खांब वाकलेले, जमिनी उताराच्या, खिडक्या तिरक्या दिसतात त्याचं एक मोठं कारण तेच. पण त्यांच्याकडं दुसरा इलाज पण नव्हता. ओक ओला असताना कुऱ्हाडीनं, तासणीनं, करवतीनं छान कापला जातो, आणि वाळला की इतका कडक होतो की त्या काळच्या हत्यारांनी मोठी भोकं पाडणं म्हणजे दिवसच्या दिवस जाणार. शिवाय फूटभर जाडीचा ओक आतपर्यंत वाळायला कितीतरी वर्षं लागतात, तेवढं कोण थांबणार. म्हणून झाड पाडलं की लवकरच काम सुरू करायचे.

मग त्यांनी सांधाच असा केला की लाकूड वाळत जाईल तसा तो घट्ट व्हावा. एका लाकडात चौकोनी भोक, दुसऱ्याच्या टोकाला तासून काढलेली जीभ, ती आत घालायची, हे तुम्ही रोज करता. आता खुंटीची गंमत बघा. बाहेरच्या लाकडातून खुंटीसाठी भोक पाडलं, आणि आतल्या जिभेवर भोक पाडताना ते मुद्दाम थोडं, अगदी दोन-तीन मिलिमीटर, खांद्याच्या बाजूला, म्हणजे जीभ जिथून सुरू होते तिकडं, सरकवून पाडलं. म्हणजे दोन भोकं समोरासमोर येत नाहीत. त्यात टोकाला निमुळती केलेली ओकची खुंटी हातोड्यानं ठोकली की ती वाट काढत आत जाते आणि जाताना जिभेला आत ओढते. सांधा गच्च. नंतर लाकूड आकसलं तरी खुंटीचा ताण राहतो. क्लँप नाही, फेव्हिकॉल नाही.

खिळे न वापरण्याचं अजून एक कारण म्हणजे ओकमध्ये टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं. ओल्या ओकमध्ये लोखंड गेलं की ते गंजतं आणि भोवतीचं लाकूड काळं पडतं. खिळा पन्नास वर्षांत खाऊन गेला तर काय उपयोग. सागाचं तसं नाही, सागात तेल असतं, तो लोखंडाला बराच सांभाळून घेतो आणि वाळवीलाही सहजासहजी दाद देत नाही. त्या बाबतीत आपण नशीबवान.

हे सगळं जागेवर उभं राहून करायचे नाहीत. सुताराच्या आवारात एक-एक बाजू जमिनीवर आडवी मांडून, सांधे बसतात का बघून, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर पटाशीनं एकच नंबर मारायचे, परत सगळं सोडवायचं, गाडीवर घालायचं आणि जागेवर नेऊन नंबराप्रमाणं उभं करायचं. नंबर रोमन, कारण ते सरळ रेघांचे असतात, पटाशीचा एक-एक घाव मारला की झालं. चारसाठी बहुतेक वेळा चार रेघाच मारायचे, कारण लाकूड उलटं-सुलटं फिरवल्यावर चार आणि सहामध्ये घोळ व्हायला नको. स्टॅफर्डच्या घरात या खुणा आजही लाकडांवर दिसतात. आणि ते लोकही घर खणातच, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांवरून, मोजायचे, दोन खणी, तीन खणी.

नंबर आणि खुंटी यांच्यामुळं ही घरं उकलता येतात. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कोव्हेंट्री शहर जाळलं, नंतरच्या काळात तिथं जी जुनी लाकडी घरं उरली होती त्यातली काही सोडवून स्पॉन स्ट्रीट नावाच्या एका रस्त्यावर नेऊन परत उभी केली. आणि एक्सिटरमध्ये तर १९६१ मध्ये नवा रस्ता निघाला, वाटेत एक जुनं व्यापाऱ्याचं घर, तर त्यांनी ते न उकलता अख्खंच्या अख्खं रुळांवर घालून साधारण ७० मीटर पलीकडं ओढत नेलं. सांगाडा एकमेकांना धरून होता म्हणून ते जमलं, विटांच्या घराला असं हलवताना भेगा पडायची भीती जास्त.

“राजा खरंच त्या घरात राहिला होता का?” – आठवीतला एक वाचक, न्यू पॅलेसजवळून

हो, खरंच राहिला होता. १६४२ च्या सप्टेंबरात, राजा पहिला चार्ल्स. पार्लमेंटशी युद्ध नुकतंच सुरू झालं होतं आणि तो फौज जमवत नॉटिंगहॅमहून श्रूजबरीकडं निघाला होता. बरोबर त्याचा भाचा प्रिन्स रुपर्ट. रुपर्टनं बागेतून पिस्तूल झाडून चर्चच्या शिखरावरच्या वातकुक्कुटाची, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कोंबड्याची, शेपटी उडवली, राजा म्हणाला नशिबानं लागली, तर त्यानं परत एकदा उडवून दाखवली, अशी दंतकथा गावात सांगतात. पुढच्याच वर्षी गाव पार्लमेंटच्या ताब्यात गेलं आणि त्याच घरात राजाच्या बाजूचे अधिकारी कैदेत ठेवले.

“ही घरं काळी-पांढरी का असतात? आमच्या फार्महाऊसला तसाच लूक द्यायचाय.” – एक वाचक, पन्हाळा रोड

मुळात ती काळी-पांढरी नव्हतीच, निदान बहुतेक नव्हती. ओक उघडा ठेवला की ऊन-पावसात चंदेरी राखाडी होतो. काही भागात तर लाकूड आणि भिंत दोन्हीवर एकत्रच चुना मारायचे, कधी त्यात पिवळी माती घालून. सफोकमध्ये लॅव्हनम म्हणून गाव आहे, लोकरीच्या कापडाच्या धंद्यावर श्रीमंत झालेलं. पुढं धंदा बसला आणि नवीन बांधायला कुणाकडं पैसा उरला नाही म्हणून जुनी घरं तशीच राहिली. तिथं आजही अशी फिकट, राखाडी घरं बघायला मिळतात, १५३० च्या आसपासचा गिल्डहॉल आहे. लाकडाला डांबर नाहीतर काळा रंग फासून मधली भिंत पांढरीफेक करायची ही मोठ्या प्रमाणावर १९ व्या शतकातली फॅशन. चेस्टरसारख्या गावात तर त्या काळात नवीनच घरं जुन्यासारखी काळी-पांढरी बांधली आणि आज टुरिस्ट त्यांचेच फोटो काढतात. मला स्वतःला राखाडीच आवडतं, लाकूड लाकडासारखं दिसतं.

त्या पट्ट्यांमागं श्रीमंतीचं प्रदर्शन पण होतं. खांबाला खांब लावून उभ्या पट्ट्या जवळजवळ टाकणं म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त ओक खर्च करणं, आणि रस्त्यावरनं जाणाऱ्याला ते कळावं म्हणूनच केलेलं. पूर्वेकडच्या गावांत अशा जवळ-जवळ उभ्या पट्ट्या, पश्चिमेकडं श्रूजबरी-चेस्टर भागात चौकोन आणि त्यात नक्षीच्या वाकड्या पट्ट्या. मागच्या बाजूला, जिथं कुणी बघत नाही, तिथं लाकूड कमी.

फार्महाऊसबद्दल माझं मत स्पष्ट सांगतो. सिमेंटच्या भिंतीवर फळ्या चिकटवून रंग मारू नका. पन्हाळ्याच्या पावसात त्या फळ्यांच्या मागं पाणी साचेल आणि चार पावसाळ्यांत त्या कुजतील. पैसे घालायचेच असतील तर एक खरा सोपा चांगल्या लाकडात करून घ्या, कागलच्या मिस्त्रींसारखी माणसं अजून आहेत.

“लाकडाचं घर म्हणजे आग. केशवराव भोसले नाट्यगृह आपण डोळ्यानं जळताना बघितलं. मग अशी घरं जपायचा हट्ट कशाला?” – एक वाचक, शिवाजी पेठ

८ ऑगस्ट २०२४ ची ती रात्र कोल्हापुरात कुणी विसरणार नाही. शाहू महाराजांनी उभं केलेलं, १९१५ पासूनचं थिएटर. तुमच्या प्रश्नातला राग आणि दुःख दोन्ही समजतं.

इंग्लंडनं पण हे भोगलंय. २ सप्टेंबर १६६६ ला लंडनच्या पुडिंग लेनमध्ये एका बेकरीत आग लागली आणि चार-पाच दिवसांत साधारण १३,२०० घरं आणि ८७ चर्च गेली. अरुंद गल्ल्या, वर पुढं आलेले मजले, मघाशी जे मी कौतुकानं सांगितलं त्याच रचनेमुळं आग या घरावरून त्या घरावर सहज गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. १६६७ मध्ये कायदाच केला की नवीन घरं वीट नाहीतर दगडाचीच बांधायची. गवताच्या छपरांवर तर लंडनमध्ये १२१२ मध्येच बंदी आली होती. तरी हॉबर्नला ‘स्टेपल इन’ ही १५८५ च्या सुमाराची लाकडी इमारत त्या आगीतून वाचली, आग तिथपर्यंत पोचली नाही. वॉरिकला १६९४ मध्ये मोठी आग लागून गावाचा बराच मध्यभाग जळला, तिथलं ‘लॉर्ड लेस्टर हॉस्पिटल’ मात्र वाचलं आणि आजही उभं आहे.

पण लाकूड आणि लाकूड यात फरक आहे. पातळ फळ्या, प्लायवूड, पडदे, फोम, जुनी वायर हे भडकतं. फूटभर जाडीची ओकची किंवा सागाची तुळई पेटली तर तिच्यावर कोळशाचा थर धरतो आणि तो थरच आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो, मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर एवढ्या वेगानंच आग आत जाते. म्हणजे अर्ध्या तासानंतरही आतला गाभा शिल्लक असतो आणि भार पेलत असतो, तेवढ्यात माणसं बाहेर काढता येतात. जुन्या वाड्यात मला लाकडाची भीती कमी वाटते, त्या लाकडावर खिळे मारून ओढलेल्या वायरींची जास्त वाटते. कापडाचं आवरण असलेल्या जुन्या वायरी, एका बोर्डावर गीझर, इस्त्री आणि मोटर. आधी ते बदला, पाईपमधून वायरिंग करून घ्या, चांगला ब्रेकर बसवा, माळ्यावरचा कागद-कपड्यांचा ढीग खाली आणा. जपायचा हट्ट करायचा तर इथून सुरुवात करावी.

“इंग्रजांनी कोल्हापुरात अशी घरं बांधली नाहीत का?” – एक वाचिका, ताराबाई पार्क

नाही. ते आले तोपर्यंत त्यांच्याकडंच ही पद्धत मागं पडली होती. कोल्हापुरात इंग्रज इंजिनिअर मेजर चार्ल्स मँट यानं टाऊन हॉल (१८७२–७६) आणि न्यू पॅलेस (१८७७–८४) यांचं डिझाइन केलं, दोन्ही दगडी. पॅलेस पूर्ण व्हायच्या आधीच, १८८१ मध्ये, मँट वारला. लाकडी पट्ट्यांची इंग्रजी घरं बघायची हौस असेल तर सिमल्याला जा.

“आमचं घर शुक्रवार पेठेत, पणजोबांनी बांधलेलं. २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरात पाणी आत होतं. नंतर कॉन्ट्रॅक्टरनं खालून चार फूट सिमेंट प्लॅस्टर करून दिलं. आता सोप्यातल्या दोन खांबांचे पाय मऊ पडलेत. सगळे म्हणतात पाडा. तिकडं असं झालं तर काय करतात?” – एक कुटुंब

तुमचं पत्र सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण याला नीट वेळ द्यायचा होता.

तिकडं हे रोज होतं. पाचशे वर्षांच्या घरात सगळ्यात आधी काय जातं, तर जमिनीजवळचं आडवं लाकूड आणि खांबाचे पाय. आणि कारण पण तुमच्यासारखंच निघतं. गेल्या शतकात तिथल्या लोकांनीही चांगल्या हेतूनं जुन्या चुन्या-मातीवर सिमेंट फासलं. चुना आणि माती पाणी शोषतात आणि ऊन पडलं की सोडून देतात. सिमेंटमधून पाणी सहजासहजी बाहेर पडत नाही. कुठल्यातरी बारीक भेगेतून, जमिनीतून वर चढून पाणी आत जातंच, आणि मग ते आतच राहतं, आणि ओलं राहिलेलं लाकूड म्हणजे बुरशीला आणि किड्याला आमंत्रण. पुराचं पाणी आठ दिवस घरात होतं त्यानं तुमच्या सागाचं एवढं वाईट झालं नसतं, सागवान ओलं होऊन वाळलं तर टिकतं. तो पुढं वाळूच शकला नाही, हे खरं दुखणं. तुमच्या कॉन्ट्रॅक्टरला दोष देत नाही, सगळीकडं हेच करतात, पण हे थांबायला पाहिजे असं मला फार वाटतं.

दुरुस्तीची तिकडची पद्धत अशी. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी जुन्या इमारती वाचवायला एक संस्था काढली. तेव्हापासून त्यांचं म्हणणं एकच, जेवढं खराब झालंय तेवढंच बदला, चांगलं लाकूड काढू नका. खांबाचा पाय कुजला तर अख्खा खांब काढत नाहीत. वरच्या तुळईला टेकू देऊन भार उचलून धरतात, कुजलेला भाग चांगलं कडक लाकूड लागेपर्यंत कापतात, आणि त्याच जातीच्या लाकडाचा नवीन तुकडा लांब तिरका किंवा पायरीचा सांधा करून खाली जोडतात, खुंट्या मारतात, गरज असेल तिथं स्टेनलेस स्टीलचा बोल्ट घालतात. नवीन तुकडा जुन्यासारखा रंगवत बसत नाहीत, दिसला तर दिसू दे. स्टॅफर्डचं घरही गेल्या शतकात फार वाईट अवस्थेत होतं, तेही दुरुस्त करूनच उभं आहे.

हेच काम तुमच्या सोप्यात होऊ शकतं, आणि तुमच्याकडं एक सोय त्यांच्यापेक्षा बरी आहे. तिकडं खांब आडव्या लाकडावर उभे असतात, ते लाकूड सगळ्यात आधी कुजतं आणि बदलायला सगळ्यात अवघड. तुमचे खांब दगडी तळखड्यावर आहेत. पण नंतर फरशी करताना तळखडा फरशीखाली गाडला गेलाय का ते बघा, शुक्रवार पेठेतल्या बऱ्याच घरांत जमीन वर वर चढवत नेलीय आणि खांबाचा पाय कोब्याच्या खड्ड्यात उभा राहिलाय. तसं असेल तर खांबाभोवतीची फरशी सगळ्यात आधी मोकळी करावी लागेल, नाहीतर नवीन जोडलेला पाय पण जाईल.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी जुन्या बांधकामाची माहिती असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर घरी आणा, त्याला तुळईचं भिंतीतलं टोकपण दाखवा, कारण पाय मऊ पडलाय तर भिंतीत गेलेलं टोकही ओलं असण्याची शक्यता आहे आणि ते जास्त धोक्याचं. तो सांगेल तिथं टेकू लावा, खालीवर फळी देऊन, आणि तोपर्यंत त्या दोन खांबांच्या वरची खोली वापरू नका, माळ्यावरचं धान्य-भांडी उतरवा. मग सिमेंट प्लॅस्टर काढायचं, हलक्या हातानं, एकदम अख्खी भिंत नाही, टप्प्याटप्प्यानं, आणि भिंतीला एक उन्हाळाभर उघडं वाळू द्यायचं. सुताराचं काम त्यानंतर, आणि चुन्याचा गिलावा सगळ्यात शेवटी. आता पावसाळ्याच्या तोंडावर सिमेंट फोडायला घेऊ नका, टेकू आणि इंजिनिअर एवढं मात्र लगेच करा.

पाडायचं की ठेवायचं हे पत्र वाचून सांगता येत नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मला दोन-तीन गोष्टी कळवा. टोकदार पेचकस घेऊन खांबाला तळापासून दर चार-चार इंचावर दाबून बघा आणि किती उंचीपर्यंत तो सहज आत जातो ते लिहा. मूठ मारल्यावर पोकळ आवाज येतो का, तळाशी बारीक भुसा किंवा मातीच्या नळ्या दिसतात का, म्हणजे वाळवी आहे का ते कळेल. आणि तुळई भिंतीत शिरते त्या जागेचा, तळखड्याचा आणि छपराच्या खालून एक असे फोटो पाठवा, उजेडात काढलेले.